ध्वजा दिसली का?

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्रीच्या काठी जन्मलेल्या मुलास पूर ठाऊक असतो, भरती-ओहोटी ठाऊक नसते. तरीही आमच्या घरात एक दर्यावर्दी वाक्प्रयोग दोन पिढ्यांपासून चालत आला आहे. घरातील कोणी परगावाहून रात्री उशिरा परतले की आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, दारातच विचारीत, ‘ध्वजा दिसली का?’ सुखरूप आलात ना, वाटेत काही अडचण तर नाही ना, एवढा त्याचा अर्थ. पुढे पुढे या प्रश्नाची व्याप्ती वाढली. परीक्षेचा निकाल लागला, कोणी दुखण्यातून उठले, मुलीचे लग्न ठरले, की ‘ध्वजा दिसली’ म्हणून पेढा हातावर ठेवला जाई. नवे पाहुणे गोंधळात पडत. मग अण्णा सांगत, ‘आमच्या वडिलांचे बोलणे हे. ते ओख्याला बंदर कचेरीत होते.’

आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत कारकून होते आणि त्यांच्या सेवेची बरीच वर्षे ओखा बंदरावर गेली. अण्णांचा जन्म तिथलाच. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच आजोबा बिऱ्हाड आवरून बडोद्यास परतले. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे होते. नंतर नोकरी, संसार, आजारपणे यांत पाऊणशे वर्षे सरली आणि अण्णांचे पुन्हा ओख्यास जाणे झाले नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत अण्णांच्या दृष्टीला एक विचित्र विकार जडला. डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग निकामी झाला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याचे खांदे, मागची भिंत, कडेचे दार दिसते. डॉक्टरांनी सांगितले की हे आता सुधारणार नाही, आहे तेवढे सांभाळावयाचे. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, ‘एकदा द्वारकेची ध्वजा पाहावी म्हणतो. पुढल्या वर्षी दिसेल न दिसेल.’ दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद होताच आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि अण्णा असे तिघे रात्रीच्या सौराष्ट्र मेलने निघालो.

सकाळी जाग आली तेव्हा गाडी सौराष्ट्राच्या माळरानातून धावत होती. जामनगर मागे पडले तशी झाडी विरळ होत गेली. बाभळी, काटेरी झुडुपे, मधूनच पवनचक्क्यांची रांग आणि वर मोठे थोरले आभाळ. ओखामंडळ हा सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा सखल भूभाग. येथे नाव घेण्याजोगा डोंगर नाही. जमीन सपाट, चुनखडीची, आणि तिच्या कडेला तितकाच सपाट समुद्र. ही सपाटी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मर्म तिच्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नाखव्याला खुणांची वाण नसते. एखादा सुळका, एखादी खिंड, एखादा किल्ला त्याला आपला गाव दाखवून देतो. ओखामंडळात निसर्गाने अशी खूण दिली नाही. ती माणसाने उभारली.

दुपारी द्वारका जवळ आली. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम शिखर पाहिले आणि त्या नकळत हात जोडून उभ्या राहिल्या. अण्णांनी विचारले, ‘कुठे?’ आम्ही बोट दाखविले. मग आमची चूक आमच्या ध्यानात आली. बोटाच्या रोखाने पाहणे अण्णांना आता शक्य नव्हते. जिकडे पाहावे तेवढेच नेमके त्यांना दिसत नाही. गाडी वळली, शिखर आड गेले, आणि अण्णा म्हणाले, ‘असू दे. आता गावातच जातो आहोत.’

द्वारकाधीशाचे मंदिर गोमतीच्या मुखाशी उभे आहे. आजची वास्तू मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकांतील मानली जाते. पाच मजल्यांचे मंदिर, त्यावर नक्षीदार उंच शिखर आणि शिखरावर बावन्न गजांची ध्वजा. ध्वजेवर सूर्य आणि चंद्र यांची चिन्हे असतात. दिवसातून अनेक वेळा ती बदलली जाते. ठरलेल्या घराण्यांतील अबोटी ब्राह्मण शिखरावर चढून जुनी ध्वजा उतरवितात आणि नवी चढवितात. खाली यजमानाचे कुटुंब वाजतगाजत नाचत असते आणि वर एक माणूस वाऱ्याशी झगडत कापडाची घडी उलगडीत असतो. ते दृश्य पाहताना छातीत धस्स होते. 13 जुलै 2021 रोजी याच ध्वजस्तंभावर वीज कोसळली. ध्वजा फाटली, पण कोणासही इजा झाली नाही. भाविक यास देवाची कृपा म्हणतात. त्या सपाट मुलखात सर्वांत उंच वस्तू तीच, हेही तितकेच खरे.

उंचीचा हा हिशेब आम्ही शाळेत मुलांना फळ्यावर करून दाखवितो. पृथ्वी गोल असल्याने समुद्रावर नजर फार दूर पोहोचत नाही. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास सुमारे साडेतीनने गुणावे, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. होडीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून चार मीटरवर धरला तर त्याचे क्षितिज फक्त सात किलोमीटरवर येते. सखल किनारा त्याला तेवढ्या अंतरावरूनच काय तो दिसणार, आणि तोवर खडक आणि उथळ पाणी जवळ आलेले असणार. पण त्या किनाऱ्यावर एकोणपन्नास मीटर उंचीची खूण उभी असेल तर तिचे स्वतःचे पंचवीस किलोमीटर त्यात मिळतात. स्वच्छ हवेत ती खूण बत्तीस किलोमीटरवरून क्षितिजाच्या वर डोके काढते. म्हणजे ध्वजा दिसल्यावर शिडाच्या होडीला किनारा येईपर्यंत काही तास हाताशी राहतात. तेवढ्या वेळात दिशा सुधारता येते, वारा जोखता येतो.

या किनाऱ्याची भीती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र ते हिंदुस्थान या सागरी वाटेची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात कच्छच्या आखाताच्या मुखाशी ‘बराका’ नावाची जागा येते. तिथे ओढले गेलेले जहाज सुटत नाही, लाटा आणि भोवरे जबर, तळ ठिकठिकाणी खडकाळ, धारदार, इतका की नांगराचे दोर कापले जातात, असे तो सांगतो. किनारा जवळ आल्याची खूण म्हणून त्याने पाण्यावर दिसणाऱ्या मोठ्या काळ्या सापांचा उल्लेख केला आहे. जिथे सापांवरून किनारा ओळखावा लागे तिथे उंच शिखराचे मोल काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच ग्रंथात आमच्या शेजारच्या भडोचचेही वर्णन आहे. राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नौका घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवीत नर्मदेच्या मुखात आणीत. परका कितीही कुशल असला तरी शेवटचे काही कोस त्याला स्थानिक माणसाच्या डोळ्यांनी पार करावे लागत.

गुजरात-कच्छच्या नाविकांमध्ये जहाजाची दिशा ठरविणाऱ्यास ‘माळम’ म्हणत. या माळमांच्या हस्तलिखित पोथ्या आजही उपलब्ध आहेत. 1664 सालची अशी एक पोथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ताऱ्यांची उंची, अंतरे, वारे यांच्या नोंदींबरोबर किनारे कसे दिसतात याची चित्रे अशा पोथ्यांत असतात. मुंबई विद्यापीठाचे भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम् यांनी या परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला. माळमाला देऊळ हवे असे ते देवासाठी आणि दिशेसाठीही. समुद्रावरून दोन्ही एकच होते.

द्वारकेच्या भूमीत आणि पाण्यात शोध घेण्याचे कार्यही मोठे आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे हे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. डेक्कन कॉलेजने 1963 मध्ये येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत झैनुद्दीन अन्सारी व म. श्री. माटे यांनी सिद्ध केला. पुढे 1980 नंतरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव यांनी समुद्रतळाचा धांडोळा घेतला. तेथे दगडी बांधकामाचे अवशेष आणि भोके पाडलेले दगडी नांगर सापडले. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण नांगर आहेत म्हणजे गलबते येत होती, एवढे तर शाळकरी मुलासही समजेल.

आता या कथेत गायकवाड कसे आले ते सांगितले पाहिजे. बडोद्याची मराठी मंडळी या विषयावर अभिमानाने बोलतात आणि आम्हीही आजवर तसेच बोलत आलो. ओखामंडळ हा मूळचा वाघेरांचा मुलूख. त्यांच्या लुटारू नौकांचा व्यापाऱ्यांना त्रास होतो या कारणास्तव इंग्रजांनी 1816 मध्ये हा प्रदेश जिंकला आणि 1817 मध्ये तो गायकवाडांच्या हवाली केला. द्वारका आणि बेट ही तीर्थक्षेत्रे आपल्या राज्यात आल्याचे बडोद्यास समाधान झाले. राजधानीपासून इतक्या लांब, मध्ये दुसऱ्यांची राज्ये, अशा स्थितीत बडोद्याने हा कोपरा विलीनीकरणापर्यंत सांभाळला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ओख्यास आधुनिक बंदर बांधविले आणि 1926 मध्ये ते खुले झाले. काठियावाडच्या बंदरांची वाढ इंग्रज सरकारच्या डोळ्यांत इतकी सलू लागली की 1917 मध्ये उठविलेली विरमगामची जकात 1927 मध्ये पुन्हा बसविण्यात आली. ओख्याजवळ मिठागरे उभी राहिली, 1939 मध्ये मिठापूरचा टाटांचा रसायन उद्योग सुरू झाला. आमचे आजोबा या उभारणीच्या काळातले. आजोबांच्या तोंडून अण्णांनी आणि अण्णांच्या तोंडून आम्ही ‘आपले ओखे’ असे ऐकत आलो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही रिक्षा करून रूपेण बंदरावर गेलो. द्वारकेच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर हे मासेमारीचे बंदर आहे. होडीतून समुद्रात जाऊन शिखर पाहावे असा आमचा बेत होता. पण ही सरहद्दीजवळची किनारपट्टी आहे. मासेमारी नौकेवर परक्या माणसास घेता येत नाही, असे तेथील मंडळींनी सांगितले आणि ते योग्यच होते. अण्णांचा चेहरा उतरला. एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एक वृद्ध टंडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी अण्णांकरिता लाकडी फळी पुढे सरकविली आणि म्हणाले, ‘बसा बापा. समुद्र कुठे पळून जात नाही.’

बोलणे गुजरातीत चालले होते. आपण वाघेर असल्याचे त्यांनी सांगितले. वय सत्तरीच्या पुढचे, समुद्रावर जाणे बंद झालेले, नौका आता मुलाच्या हाती. आम्ही विचारले, ‘हल्ली नौकेवर यंत्रे असतात. उपग्रहावरून ठिकाण कळते. मग शिखराकडे कोण पाहतो?’ ते हसले. ‘यंत्र मुलाच्या नौकेवरही आहे. मासे कुठे मिळाले ती जागा त्यात लिहून ठेवतो, दुसऱ्या खेपेला तिथेच जातो. फार कामाचे आहे. पण यंत्र भिजते, त्याची बॅटरी उतरते. शिखर कितीही भिजले तरी बंद पडत नाही.’ मग त्यांनी दक्षिणेकडे हात केला. शिखर तिथे स्पष्ट दिसत होते आणि त्याच्या उजवीकडे दीपगृहाचा उंच मनोरा. हा मनोरा 43 मीटर उंचीचा आहे आणि 1962 पासून तो उजेड देत आहे. टंडेल म्हणाले, ‘आता आम्हांला दोन खुणा झाल्या. दीपगृह समुद्राच्या बाजूला, देऊळ त्याच्या मागे. उत्तरेकडून येतो तेव्हा दीपगृह देवळाच्या उजवीकडे असते. दक्षिणेकडून येतो तेव्हा डावीकडे. सरळ पश्चिमेकडून आलो तर एकामागे एक. दोहोंमधली जागा पाहिली की आपण कुठे आहोत ते कळले.’ भूमितीचा हा पाठ आम्ही इतक्या सोप्या शब्दांत आजवर एकाही वर्गात दिलेला नाही.

खूण ही मित्राला दिसते तशी शत्रूलाही दिसते. 1965 च्या युद्धात 7 सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी आरमाराने द्वारकेवर तोफा डागल्या होत्या. टंडेल तेव्हा लहान होते. रात्रभर आवाज ऐकून सारे घर जागे होते आणि उजाडताच सगळ्यांनी आधी वर पाहिले, शिखर आहे की नाही, असे त्यांनी सांगितले. शिखर जागेवर होते.

शिखराच्या गोष्टी निघाल्या तशी अण्णांची कळी खुलली. ते म्हणाले, ‘हे शिखर आमच्या गायकवाड सरकारने दुरुस्त करविले. खंडेराव महाराजांच्या वेळी.’ ही गोष्ट खरी आहे. 1861 मध्ये खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत शिखराची डागडुजी झाली. टंडेलांनी जाळ्यातून मान वर केली नाही. सुतळीची गाठ मारीत त्यांनी शांतपणे विचारले, ‘आणि ते मोडले कशाने, बापा?’

अण्णा गप्प झाले. उत्तर आम्हांस ठाऊक होते, कारण आम्ही ते शाळेच्या ग्रंथालयात वाचले होते. गायकवाडांचा अंमल वाघेरांनी मनापासून कधीच मान्य केला नाही. 1820 मध्ये त्यांनी उठाव केला, तो मोडला गेला. 1857 च्या धामधुमीनंतर ते पुन्हा उठले आणि द्वारका व बेट त्यांनी ताब्यात घेतले. तेव्हा ऑक्टोबर 1859 मध्ये इंग्रज फौजा समुद्रमार्गे आल्या आणि दोन्ही ठिकाणी तोफा चालल्या. बेटावरील देवळांची फार नासाडी झाली. द्वारकेच्या मंदिरासही झळ पोहोचली. गायकवाडांचे राज्य पुन्हा बसविण्यासाठी ती लढाई झाली आणि त्या लढाईने केलेली जखम मग गायकवाडांनी बुजविली. वाघेरांचे पुढारी जोधा माणेक आणि मुळू माणेक हे त्यानंतर बहारवटिये होऊन रानोमाळ फिरले. 1868 मध्ये मुळू माणेक मारला गेला. झवेरचंद मेघाणी यांनी ‘सोरठी बहारवटिया’ या ग्रंथात त्यांच्या कथा सांगितल्या आहेत आणि त्या मुलखात त्या अजून जिवंत आहेत. हे सारे आम्ही वाचले होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या जयंतीस भाषण करताना मात्र आम्ही 1817 वरून एकदम 1926 वर उडी मारीत आलो. मधली वर्षे सांगण्याची आम्हांस कधी गरज भासली नाही. कोणी तसे सांगितले नव्हते, तरी आम्ही ती गाळीत आलो होतो.

टंडेलांच्या स्वरात राग नव्हता. ते म्हणाले, ‘बंदर चांगले बांधले तुमच्या राजाने. शाळाही काढल्या. माझा बाप चार यत्ता शिकला तो त्याच शाळेत. पण राज्य आमचे होते.’

बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्ही विषय बदलण्याच्या विचारात होतो. इतक्यात अण्णा बोलू लागले. ते आमच्याशी बोलत नव्हते, टंडेलांशी बोलत होते, आणि पाऊणशे वर्षांपूर्वीची त्यांची काठियावाडी गुजराती हळूहळू जिभेवर परत येत होती.

ते म्हणाले, ‘मी नऊ वर्षांचा असेन. वडिलांबरोबर ओख्याहून रूपेणला मचव्याने येत होतो. वाटेत वारा पडला, अंधारून आले, धुके उतरले. किनारा दिसेना. वडील सरकारी माणूस, पण पाण्यात त्यांना काही कळत नसे. ते रामरक्षा म्हणू लागले. मी रडत होतो. मचव्याचा टंडेल तुमच्यातलाच होता, वाघेर. त्याने मला उचलून पुढे नाळेपाशी नेऊन बसविले आणि म्हणाला, तुझे डोळे लहान आहेत, तुला आधी दिसेल, तू पाहा. मी पाहत राहिलो. काही दिसेना. तेव्हा तो म्हणाला, रोखून पाहू नकोस. अंधारात रोखून पाहिले की काही दिसत नाही. जरा बाजूला पाहा, म्हणजे आपोआप दिसेल. मी बाजूला पाहिले. आणि धुक्याच्या वर काळे टोक दिसले. तो मोठ्याने ओरडला, धजा देखाणी! मचव्यातले सारे ओरडले, धजा देखाणी!’

अण्णा थांबले. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘हे बोलणे आजोबांचे नव्हे. त्या टंडेलाचे आहे. त्याचे नावही मी विचारले नाही. त्याची मुले माझ्या वयाची होती, पण आम्हांला त्यांच्यात खेळू देत नसत. घरी आल्यावर वडिलांनी ही गोष्ट सर्वांना सांगितली आणि हळूहळू ते त्यांचेच बोलणे झाले. मीही तसेच सांगत आलो.’

टंडेलांनी जाळे खाली ठेवले. अण्णांना ते काही दिलासा देतील असे आम्हांस वाटले होते. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी अण्णांचा हात धरून त्यांना उभे केले, दक्षिणेकडे तोंड करविले आणि विचारले, ‘आता दिसते का?’ आम्ही सांगितले की वडिलांना मधले दिसत नाही. ते म्हणाले, ‘मग बाजूला पाहा ना बापा. तुम्हांला तर आमच्यातल्याने शिकविले आहे.’

अण्णांनी मान किंचित डावीकडे वळविली. सूर्य कलला होता. ते बरेच क्षण निश्चल उभे होते. मग म्हणाले, ‘हालते आहे.’ ध्वजा खरोखरच वाऱ्यावर हालत होती.

संध्याकाळी दीपगृहाच्या बाजूस थोडा वेळ बसलो. उजेडाची फेरी सुरू झाली. अण्णा तिच्याकडे न पाहता समुद्राकडे पाहत होते आणि प्रत्येक झोत आला की ‘हा आला’ म्हणून सांगत होते.

तिसऱ्या दिवशी ओख्यास गेलो. अंतर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत मिठापूरची मिठाची शुभ्र शेते लागली. ओखा आता फार बदलले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ओखा आणि बेट यांना जोडणारा सुदर्शन सेतू खुला झाला आणि जिथे पूर्वी फेरीबोटीसाठी ताटकळावे लागे तिथून आता मोटार थेट बेटावर जाते. अण्णांचे राहते घर सापडले नाही. बंदराच्या भागात त्यांनी दोन-तीन ठिकाणी थांबून वास घेतला. ‘इथेच कुठेतरी’ असे म्हणाले आणि पुढे चालू लागले. आम्हांस वाटले होते की ते कष्टी होतील. पण ज्यासाठी ते आले होते ते त्यांना रूपेणला मिळाले होते.

द्वारकेस जाणाऱ्या वाचकांना दोन शब्द सांगतो. बडोद्याहून रेल्वेची सोय चांगली आहे. दिवाळी आणि जन्माष्टमीच्या दिवसांत गर्दी फार असते, तेव्हा उतरण्याची व्यवस्था आगाऊ करावी. दर्शन तर सर्वच घेतात. पण एक संध्याकाळ रूपेण बंदरासाठी राखून ठेवावी आणि तिथून मागे वळून शिखर पाहावे. देवळाच्या आवारात उभे राहून ध्वजा पाहताना मान दुखते. ती ज्यांच्यासाठी इतकी उंच आहे त्यांच्या जागेवरून पाहिली म्हणजे तिची उंची बेताची वाटते, आणि कामाचीही. आणि बडोद्याच्या मराठी कुटुंबातील कोणी असाल, आपले आजोबा-पणजोबा ओखामंडळात वहिवाटदार, फौजदार, मास्तर किंवा कारकून म्हणून गेले असतील, तर त्यांचा अभिमान अवश्य बाळगावा. फक्त तिथल्या माणसांशी बोलताना आपण थोडे कमी बोलावे आणि त्यांचे ऐकावे.

आम्हांपुरते सांगावयाचे तर येत्या जयंतीच्या भाषणात 1817 आणि 1926 यांच्यामध्ये 1820, 1859 आणि 1868 ही वर्षेही येतील. सयाजीराव महाराजांचे मोठेपण त्याने उणे होणार नाही. ज्या राजाने शाळा काढल्या त्याच्या राज्याचा इतिहास शाळेत पुरता शिकविला जावा, हे त्याला आवडलेच असते असे आम्हांस वाटते.

परतीच्या गाडीने भल्या पहाटे बडोद्यास उतरलो. घराचे कुलूप काढतो तोच आमच्या मुलाचा फोन आला. तो नोकरीनिमित्त दूर असतो आणि मराठी बोलताना हल्ली अडखळतो. पण त्याने सवयीने विचारले, ‘पोहोचलात का? ध्वजा दिसली का?’ आम्ही उत्तर देणार इतक्यात अण्णांनी हात पुढे केला. फोन कानाला लावून ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले, आणि बूटही न काढता नातवाला त्या मचव्याची, धुक्याची आणि नाव न विचारलेल्या वाघेर टंडेलाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.